महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील मूल आणि पालकांची जबाबदारी

बारावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे महाराष्ट्रातील घराघरांत एकाच विषयाची चर्चा चालते. मुलाने कोठे जावे, काय शिकावे, खर्च किती येईल, आणि मुलगी असल्यास, तिला परगावी ठेवावे की नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबांत ही चर्चा दोन वर्षे अगोदर सुरू झालेली असते. खेड्यातील पालकास मात्र निकालाच्या दिवशीच या प्रश्नाची प्रथम जाणीव होते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. प्रस्तुत लेखकाने २६ वर्षे तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेच्या वर्गांना शिकविले. त्या काळात गुणांअभावी प्रवेश हुकलेली मुले त्याने पाहिली, तशीच गुण असूनही प्रवेश हुकलेली मुलेही पाहिली. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांविषयी येथे लिहावयाचे आहे.

त्यांपैकी एक मुलगी विशेष स्मरणात आहे. वडील आठवडे बाजारात भाजीचे दुकान मांडीत. मुलगी इतर मागास वर्गातील, अभ्यासात हुशार. प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले आणि अभियांत्रिकीच्या एका नामवंत शासकीय महाविद्यालयात राखीव जागा मिळाली. जातीचा दाखला होता. त्या दाखल्याची पडताळणी झालेली नव्हती. दाखला आणि पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच वडिलांना ठाऊक नव्हते. निकालानंतर त्यांनी धावाधाव केली. आजोबा शेजारच्या तालुक्यातील एका शाळेत दोन वर्षे शिकले होते, तेथील जुन्या नोंदवहीत त्यांच्या जातीची नोंद सापडली. परंतु पडताळणीचे प्रमाणपत्र हाती आले ते मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी. जागा गेली. मुलीने आमच्याच तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. केले. यात कोणत्याही कार्यालयाची हयगय नव्हती. अर्जच उशिरा झाला होता.

शिक्षण नसलेल्या पालकाने काय करावे?

“आम्ही अडाणी, आम्हाला यातले काय कळणार, सर? तुम्ही सांगाल ते खरे.” हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले असते. ऐकताना बरे वाटते, पण ते तितकेसे खरे नाही. महाविद्यालयात न गेलेल्या पालकास अभ्यासक्रमातील बारकावे कळणार नाहीत, हे मान्य केले, तरी त्याच्या हाती पुष्कळच उरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. सैन्यातून निवृत्त झालेले, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर संसार चालविणारे रामजी स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. त्या गर्दीत अभ्यासाला जागा नव्हती आणि शांतताही नव्हती. म्हणून ते भीमरावास लवकर निजवीत, स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागत आणि दोनच्या सुमारास मुलास अभ्यासाला उठवून मग आपण झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसत तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करीत. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. रामजींनी मुलास दिलेल्या गोष्टींत मोठी गोष्ट होती ती वेळ आणि जागा. एका खोलीच्या घरातही ती निर्माण करता येते, एवढेच या आठवणीवरून घ्यावयाचे.

कागदपत्रांचे काम अकरावीतच

आजच्या व्यवस्थेत पालकाने प्रत्यक्ष करावयाचे पहिले काम कागदपत्रांचे आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके त्यामुळेच ते मुलावर सोडून देऊ नये. सतरा वर्षांच्या मुलास पणजोबांचे गाव कोणते होते हे ठाऊक नसते, वडिलांना असते.

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश हवा असल्यास जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. समिती पुरावा पाहते तो मानीव दिनांकापूर्वीचा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातील नोंद शोधावी लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजेच कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जुने खरेदीखत, यांपैकी काही ना काही बहुधा सापडते. पुष्कळ जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात; त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे लागते आणि मोडी जाणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतोच असे नाही. आजोबा, वडील, मुलगा असे नाते दाखविणारी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. आडनावातील एका अक्षराचा फरक, आजोबांच्या नावाचे दोन ठिकाणी दोन प्रकार, यांसाठी वेगळा खुलासा द्यावा लागतो. हे सर्व दोन महिन्यांत होत नाही. अकरावीत प्रवेश घेतल्याबरोबर महाविद्यालयामार्फत अर्ज केल्यास पुरेसा अवधी मिळतो.

उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र आणि आवश्यक त्यांना नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र ही कामे त्यामानाने सोपी आहेत, मात्र शेवटच्या प्रमाणपत्रास मुदत असते. ते कोणत्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य आहे हे वाचून पाहावे. मागच्या वर्षीचे प्रमाणपत्र घेऊन रांगेत उभे राहिलेले पालक दरवर्षी दिसतात.

पसंती कोणाची?

१९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. त्यापूर्वी या शाखेची दारे मोजक्यांनाच उघडी होती. त्यानंतर जागा वाढल्या आणि त्याबरोबर ‘मुलगा हुशार आहे म्हणजे इंजिनियर झालाच पाहिजे’ हा समजही वाढला. देणगीच्या नावाने पैसे उकळण्याचे प्रकार सुरू झाले तेव्हा १९८७ मध्ये त्यास प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. समज मात्र कायद्याने जात नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याला हिशेबाची आवड होती. वडिलांच्या इच्छेने तो अभियांत्रिकीला गेला. पहिल्या सत्रात चार विषय राहिले, दुसऱ्यात पाच. ए.टी.के.टी.ची सवलत संपली, वर्ष वाया गेले, आणि ही गोष्ट त्याने घरी दीड वर्ष सांगितली नाही. वडील आठवड्यातून एकदा फोन करीत. “अभ्यास कसा चालला आहे?” “चांगला.” एवढेच संभाषण. एके दिवशी ते न कळविता खोलीवर जाऊन पोहोचले तेव्हा सारे उघडकीस आले. नंतर तो तालुक्यास परत येऊन बी.कॉम. झाला, आज एका दूध संस्थेचे हिशेब पाहतो. दोन वर्षे आणि सुमारे दोन लाख रुपये गेले. वडिलांना दुःख पैशांचे नव्हते. “दीड वर्ष पोरगं एकटं होतं,” असे ते म्हणाले.

अभ्यासक्रमाची निवड मुलाने करावी आणि पालकाने त्याला प्रश्न विचारावेत, हा क्रम योग्य वाटतो. प्रश्न साधे असावेत. या शिक्षणानंतर माणसे कोणते काम करतात? असे काम करणारा एखादा माणूस आपण पाहिला आहे काय? दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. तो मार्ग विचारात घेतला काय? शक्य असल्यास प्रवेशापूर्वी एक दिवस काढून मुलासह महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे. माहितीपुस्तकातील छायाचित्रांवर जाऊ नये. प्रयोगशाळेचे दार उघडे आहे की कुलूपबंद, ग्रंथालयात मुले बसलेली आहेत काय, वसतिगृहाच्या पाण्याची व्यवस्था कशी आहे, हे न शिकलेल्या माणसालाही दिसते. किंबहुना त्यालाच अधिक चांगले दिसते.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना एक चूक सर्रास होते. ‘हे आपल्याला मिळणार नाही’ या भीतीने मुले आवडीचे महाविद्यालय खाली लिहितात. ही प्रक्रिया यादी वरून खाली पाहत जाते आणि गुणवत्तेनुसार मिळू शकणारी पहिली जागा देते. वरची पसंती न मिळाल्याने खालचीवरील हक्क जात नाही. तेव्हा क्रम आवडीचाच लिहावा. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारावीच लागते. म्हणून जेथे जावयाचे नाही ते नाव पहिल्या क्रमांकावर लिहू नये. अर्ज भरणारा सेवा केंद्रातील तरुण घाईत असतो. त्याच्यावर क्रम सोपवू नये.

खर्चाचा खरा हिशेब

शिक्षण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. खोलीभाडे, खानावळ, अनामत रक्कम, पुस्तके आणि सणावारी घरी येण्याजाण्याचा खर्च मिळून तो अनेकदा शुल्काहून अधिक होतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाकडून कळते. त्याहून अधिक मागणी झाल्यास पावती मागावी.

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्णपणे देते. परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे, आणि अभिमत व खासगी विद्यापीठे या सवलतीत येत नाहीत. हे माहीत नसल्याने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन मुलीची सवलत गमावणारे पालक आहेत. परगावी राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. कर्ज काढावे लागलेच तर शेताच्या तुकड्यास हात लावण्यापूर्वी बँकेत जावे. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होते.

प्रवेशानंतर

प्रवेश झाला की आपले काम संपले, असे पालक समजतात. वास्तविक पहिले सत्र सर्वांत कठीण असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलास इंग्रजीतील व्याख्यान समजत नाही, आणि समजत नाही हे सांगण्याची लाज वाटते. घरी फोनवर तो बरे चालले आहे असेच सांगतो. गुणांविषयी विचारण्याऐवजी जेवण कोठे होते, खोलीतला सोबती कसा आहे, या आठवड्यात काय शिकविले, असे विचारले तर बोलणे पुढे जाते. मूल अचानक घरी येणे टाळू लागले किंवा वारंवार येऊ लागले, तर दोन्ही गोष्टींची दखल घ्यावी. रॅगिंगला महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने बंदी आहे आणि तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक आहे. मन खचलेल्या विद्यार्थ्यास, तसेच त्याच्या पालकासही, ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते.

शिक्षण मध्येच सोडण्याची वेळ आली तरी आता पूर्वीइतके नुकसान होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात आणि पुढे परत येण्याची वाट खुली असते. ‘परत आलास तर तोंड दाखवू नकोस’ असे रागाच्या भरात बोलणाऱ्या वडिलांनी ही तरतूद समजून घ्यावी.

गावाने करावयाचे काम

ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घराचे पालकत्व काही अंशी गावाने घेतले पाहिजे. ग्रामपंचायतीने जूनमध्ये सत्कार करण्यापेक्षा जानेवारीत एक बैठक घ्यावी. अकरावी-बारावीच्या मुलांची यादी, कोणाची पडताळणी झाली, कोणाचा दाखला अडला, एवढे एका वहीत लिहिले तरी पुरे. तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि गावातून महाविद्यालयात गेलेली दोन-तीन मुले त्या बैठकीस असावीत. शाळांनी जुन्या नोंदवह्या वाळवीपासून जपाव्यात; एखाद्या बंद पडलेल्या शाळेचे रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात असावी. त्या भाजीविक्रेत्याचे तीन आठवडे अशाच एका रजिस्टरच्या शोधात गेले होते.

ती मुलगी आता माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. ते उशिरा आलेले वैधता प्रमाणपत्र तिच्या वडिलांनी पेटीत जपून ठेवले आहे. त्याच प्रमाणपत्राच्या आधारे धाकट्या मुलाची पडताळणी पहिल्या अर्जातच झाली. आता गावात कोणाचे मूल अकरावीला गेले की ते स्वतः त्याच्या घरी जातात, आजोबा कोणत्या शाळेत होते ते विचारतात आणि बाजार नसलेल्या दिवशी त्या बापाला सोबत घेऊन जिल्ह्याच्या गावी जाणारी पहाटेची एस.टी. पकडतात.