पहिल्या वर्गाला जाताना

चि. छकुलीस,


बारावी झाली की मुंबईला येऊन बॅले शिकणार म्हणतेस. ये. दादा कुरकुर करतोय, त्याचं मी बघते. आजीला मात्र तूच सांग, की पहूरवरून लोक ज्या अजिंठ्याला जातात, तिथल्या भित्तिचित्रांवर आधारलेला बॅले आन्ना पावलोव्हाने १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये केला होता. म्हणजे हे खूळ अगदीच परकं नाही.

आता कपडे. ‘ये बॅले’ सिनेमा पाहून तू जी यादी केलीस ती फाडून टाक. झालरीचा टुटू रंगमंचावरचा. आणि टोकावर उभं राहायचे ते सॅटिनचे बूट पाय-घोटे तयार झाल्यावर, बाई सांगतील तेव्हा. त्याला वर्षं लागतात.

वर्गात बाईंना तुझं अंग दिसलं पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. गुडघा पावलाच्या रेषेत वाकतोय का, कंबर एका अंगाला कलतेय का, हे सैल टी-शर्ट आणि पतियाळ्यातून कसं कळणार? पॅरिसमध्ये नाचणाऱ्या मारी कामार्गोने अठराव्या शतकात घागरा आखूड केला तो पायांचं काम दिसावं म्हणूनच. (कुरकुरणारे तेव्हाही होते, दादाला सांगते.) रूढ पोशाख लिओटार्ड आणि टाइट्स, पण मोठ्या वयाच्या नवशिक्यांना बऱ्याच ठिकाणी अंगाबरोबरचा टॉप आणि लेगिंग्ज चालतात. आधी फोन करून विचार, मगच पैसे घाल. संकोच वाटला तर कमरेला पातळ रॅप स्कर्ट बांध. लोकलमध्ये वरून कुर्ता आहेच.

बांगड्या, पैंजण, लोंबते डूल घरी ठेव. अजिंठ्याच्या नर्तकीला दागिने शोभतात, तिला गिरक्या घ्यायच्या नसतात. वेणीही नको, गिरकीत तोंडावर फटका बसतो. घट्ट अंबाडा घालून पिना लाव.

खरी गोम बुटांची. मऊ कातड्याचे किंवा कॅनव्हासचे, पातळ तळव्याचे घ्यायचे. आपल्याकडे ‘पाय वाढेल’ म्हणून एक नंबर मोठा घेतात, ते इथे चालत नाही. बूट पावलाला चिकटून बसला पाहिजे, पण बोटं आत दुमडता कामा नयेत. पुढची दोरी ओढून गाठ मार आणि टोकं आत खोच. बाहेर फुलासारखी बांधायची नसतात. इलॅस्टिक बरेचदा सुटं मिळतं, ते पायात घालून, जागा बघून, हाताने शिवायचं. बूट मिळेपर्यंत नुसते मोजे घालून नाचू नकोस, गुळगुळीत फरशीवर घसरशील. त्यापेक्षा बाईंना विचारून अनवाणी बरी.

जळगावात बूट शोधत फिरू नकोस, इथे दुकानात घालून बघूनच घेऊ. त्यासाठी संध्याकाळची वेळ काढ; दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाचं माप खरं. आणि येताना सुई-दोरा आण, माझ्याकडचा संपलाय.

तुझी,
आत्या