कटिंग लिस्ट वाचताना माप कोणते धरावे?

टेबल, कपाट किंवा दिवाण यांचे काम घेताना मिस्त्री कटिंग लिस्ट बनवतो आणि तिच्यावरूनच गिऱ्हाइकाला भाव सांगितला जातो. एकदा भाव सांगितला की कमी पडलेले लाकूड स्वतःच्या खिशातून आणावे लागते. म्हणून लिस्टमधील आकडा तयार मालाचा आहे की वखारीतल्या कच्च्या मालाचा, हे आधी पाहावे.

समजा, ४८ × ३० इंचांचे, ३० इंच उंचीचे टेबल करायचे आहे. वरचा तक्ता पाऊण इंची प्लायचा, खालची चौकट सागाची. तक्ता वजा जाता पाय सव्वाएकोणतीस इंचांचे, जाडी सव्वादोन इंच चौरस. तक्ता चारी बाजूंनी दीड इंच बाहेर ठेवला तर पायांच्या मधले अंतर लांबीत साडेचाळीस आणि रुंदीत साडेबावीस इंच येते. नवा शागीर्द आडव्या पट्ट्यांसाठी हेच आकडे लिहून मोकळा होतो! पट्टीच्या दोन्ही टोकांना पायाच्या खाचेत शिरणारे एकेक इंचाचे कुसू हवे. म्हणजे पट्ट्या साडेबेचाळीस आणि साडेचोवीस इंचांच्या झाल्या. त्यांची रुंदी पावणेचार व जाडी एक इंच धरू.

हे झाले तयार माप. चिरून आलेल्या लाकडावर रंधा मारला की प्रत्येक बाजूला साधारण एक सूत जाते. इंचाचे ८ सूत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाव इंच. म्हणून पायाला अडीच इंच चौरस आणि पट्टीला ४ × सव्वा इंच माल मागावा. टोके साफ करायला लांबीही थोडी जास्त घ्यावी : पाय ३० इंच, पट्ट्या साडेत्रेचाळीस आणि साडेपंचवीस.

आता घनफूट काढू. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत. तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. चार पायांची लांबी १० फूट, त्यांचे ०.४३ घनफूट. चार पट्ट्यांची लांबी साडेअकरा फूट, त्यांचे ०.४० घनफूट. एकूण ०.८३. तयार मापावर हिशोब केला असता तर ०.६३ च आले असते. एका टेबलामागे घनफुटाचा पाचवा हिस्सा लाकूड भावात धरलेच गेले नाही. सागाचा आजचा भाव लावून पाहा. दहा टेबलांच्या ऑर्डरीत हा फरक २ घनफुटांवर जातो. (गाठी आणि फाटलेला भाग यांची तूट वेगळी. ती माल पाहून प्रत्येकाने ठरवावी.)

हिशोबात आणखी एक फसगत होते. २ फूट ४ इंच म्हणजे कॅल्क्युलेटरवर २.४ नव्हे, २.३३. २.४ म्हणजे २ फूट पावणेपाच इंचांहूनही थोडे जास्त.

लिस्टमध्ये लांबी, रुंदी, जाडी हा क्रम ठेवावा, आणि लांबी म्हणजे रेषांच्या दिशेचे माप, मग ते लहान असले तरी. ड्रॉवरचा दर्शनी भाग १८ इंच रुंद व ६ इंच उंच असून रेषा उभ्या हव्या असतील, तर ६ × १८ असे लिहावे. नुसत्या आकड्यावर विसंबू नये, बाजूला बाण काढावा. चुकीच्या दिशेने कापलेली व्हिनियरची प्लाय पुन्हा जोडता येत नाही.

प्लायचे ८ × ४ चे शीट कापताना पातेही लाकूड खाते. ४ फुटांत १२ इंचांच्या चार पट्ट्या कागदावर बरोबर बसतात, पण ३ मिलिमीटरच्या पात्याचे तीन काप झाले की ९ मिलिमीटर भुसा होतो. शेवटची पट्टी तेवढी कमी भरते. कपाटाच्या आतील फळीचे माप काढताना दोन्ही बाजूंच्या प्लायची जाडी वजा करावी, आणि आतून सनमायका असेल तर तिचीही. ९०० मिलिमीटरच्या कपाटात १८ ची प्लाय आणि १ मिलिमीटरची सनमायका असेल तर फळी ८६२ ची येते, ८६४ ची नव्हे.

अमेरिकन पद्धतीच्या नकाशावर काम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथे २ × ४ हे फक्त नाव आहे. रंधून विकल्या जाणाऱ्या त्या पाईनच्या लाकडाचे खरे माप दीड × साडेतीन इंच असते. तो माल आपल्या सवयीने आणखी रंधण्यासाठी मोजू नये.