परक्या गावचा शेजारी

(रविवारचा अभ्यासवर्ग : प्रेषित संत अंद्रिया यांच्या सणानिमित्त)

वाचने : अनुवाद 10:17-19, योहान 12:20-22, लूक 24:13-35, याकोब 2:1-4



30 नोव्हेंबर हा प्रेषित संत अंद्रिया यांचा सण. संत अंद्रिया हे स्कॉटलंड देशाचे आश्रयदाते संत आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात त्यांचा एक छोटासा प्रसंग आहे. सणासाठी यरुशलेमला आलेले काही ग्रीक लोक फिलिपला गाठतात आणि येशूला भेटायची इच्छा सांगतात. फिलिप लगेच प्रभूकडे जात नाही. तो आधी अंद्रियाला सांगतो आणि मग दोघे मिळून प्रभूकडे जातात. परमुलखातली माणसे दारात आली तेव्हा फिलिपला अंद्रियाची आठवण झाली. आपला भाऊ पेत्र यालाही अंद्रियानेच येशूकडे आणले होते (योहान 1:41-42). माणसाचा हात धरून त्याला आत घेऊन येणे हा जणू त्याचा स्वभावच होता.

या सणाच्या निमित्ताने आज आपण स्कॉटलंडहून आपल्या मुलखात येऊन राहिलेल्या काही माणसांची ओळख करून घेऊ. ही माणसे कॅथलिक नव्हती, प्रेसबिटेरियन पंथाची होती. त्यांचे सगळेच वागणे आपल्याला पटेल असेही नाही. पण परक्या गावात कसे राहावे आणि परक्याला आपल्या गावात कसे सामावून घ्यावे, हे त्यांच्याकडे पाहून शिकता येते.

1. ‘पॅरिश’ या शब्दाचा अर्थ

आपण रोज वापरतो तो ‘पॅरिश’ हा शब्द कुठून आला? त्याचे मूळ ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दात आहे. परक्या ठिकाणी केलेला मुक्काम, असा त्याचा अर्थ. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांच्या पृथ्वीवरील आयुष्याला हाच शब्द लावतात (1 पेत्र 1:17). अम्माऊसच्या वाटेवर क्लयपा पुनरुत्थित प्रभूला ओळखत नाही आणि ‘यरुशलेमात उतरलेला तूच एक परका दिसतोस’ अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. तिथेही मूळ ग्रीक भाषेत याच कुळातला शब्द आहे. म्हणजे ज्याला परका समजले तो साक्षात प्रभू होता, आणि त्याला घरात बोलावून भाकर मोडली तेव्हाच त्याची ओळख पटली.

आपल्या पिंपरी-चिंचवडला हा अर्थ फार चपखल बसतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले, 1982 साली महानगरपालिका झाली. कामामागे माणसे आली. आपल्यातले कोणी नगर जिल्ह्यातले, कोणी वसईचे, कोणी गोवा-मंगळूरचे, कोणी केरळ-तामिळनाडूचे. मिस्सा संपल्यावर नवीन माणूस दिसला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘मूळ गाव कोणतं?’ आपण सगळेच इथे मुक्कामाला आलेले. अनुवादाच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलला हेच सांगतो : परक्यावर प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता.

2. हर्णैच्या किनाऱ्यावरचे विद्यार्थी

फेब्रुवारी 1829 मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट हे तरुण स्कॉटिश जोडपे मुंबईत उतरले. पहिले काही महिने त्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शिकण्यात घालवले. विद्यापीठात शिकून धर्मसेवेची दीक्षा घेतलेला माणूस पुन्हा पहिलीच्या मुलासारखा अक्षरे गिरवू लागला. ‘ळ’ आणि ‘ण’ म्हणताना त्याची जीभ अडखळली असेल आणि ऐकणारे हसलेही असतील. परक्या गावात राहणाऱ्याला ही पहिली पायरी चुकत नाही. जो माणूस चुका करायला तयार नाही, तो शेजारी होऊ शकत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस विल्सन मराठीत प्रवचन देऊ लागले. मार्गारेटबाईही मराठी शिकल्या आणि त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. मुलींना शाळेत पाठवण्याची रीत नव्हती असा तो काळ होता. एप्रिल 1835 मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. सहा वर्षांचाच संसार या भूमीत झाला, पण त्यांनी सुरू केलेले काम थांबले नाही. त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी ते पुढे चालवले. विल्सन 1875 साली मुंबईतच वारले. गिरगाव चौपाटीवरचे विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पुण्यातही स्कॉटिश मिशनची शाळा होती. जोतीराव फुले त्याच शाळेत शिकले. तिथले शिक्षण 1847 साली संपवून त्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीरावांचे ब्राह्मण मित्र. त्यांची मैत्रीही याच शाळेच्या दिवसांतली. बाहेरच्या समाजात ज्यांना एकमेकांजवळ बसता येत नव्हते, ते या बाकावर शेजारी बसले. परक्याने बांधलेल्या छपराखाली आपल्याच दोन माणसांची मैत्री जमली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

3. पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल

विल्सन यांच्या शाळेत धनजीभाई नवरोजी नावाचा एक पारशी विद्यार्थी होता. 1839 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. पारशी समाजात मोठी खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले. अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. एका मुलाच्या श्रद्धेमागे एका घराचे दुःख होते. हे दुःख आपण हलके मानू नये. ख्रिस्ती साहित्यात अशा प्रसंगांचे वर्णन पुष्कळदा विजयासारखे केले जाते. पण ज्या आईवडिलांचा मुलगा घराबाहेर गेला, त्यांच्यासाठी ती शोकाची वेळ होती.

1843 साली विल्सन मायदेशी निघाले तेव्हा धनजीभाई त्यांच्यासोबत गेले. एडिंबरोत त्यांनी ईशज्ञानाचे शिक्षण घेतले आणि 1846 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आता पाहा, पारडे कसे फिरले! मुंबईत विल्सन परके होते आणि धनजीभाई इथले. स्कॉटलंडच्या थंडीत विल्सन घरचे झाले आणि धनजीभाई परके. मैत्रीची खरी परीक्षा अशा वेळी होते. आपल्या गावात पाहुणा म्हणून मिरवलेल्या माणसाने स्वतःच्या गावात आपल्याला जागा दिली, तरच ती मैत्री. नाहीतर तो नुसता उपकार.

4. इंद्रायणीचे पाणी

विल्सन यांची एक बाजू मात्र आपण डोळसपणे पाहिली पाहिजे. हिंदू, मुसलमान आणि पारशी या धर्मांवर टीका करणारी पुस्तके त्यांनी लिहिली. वाद घालण्यासाठी त्यांनी शेजाऱ्यांचे धर्मग्रंथ कष्टाने अभ्यासले. त्यांची विद्वत्ता खरी होती, पण तिला वादाची धार होती.

त्यांच्यानंतर दोन पिढ्यांनी आणखी एक स्कॉटिश मिशनरी पुण्यात राहिले. त्यांचे नाव निकोल मॅकनिकल. त्यांनीही मराठी आत्मसात केली आणि 1919 साली मराठी संतांच्या 108 अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात ज्ञानदेव आहेत, नामदेव आहेत आणि सर्वांत जास्त तुकोबा आहेत. आपले भक्त-कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गीतेही मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेली. त्यांपैकी एक गीत पुढे इंग्रजी भाषिक चर्चच्या गीतसंग्रहांत गेले. टिळकांना स्वतःला ख्रिस्ताकडे येताना तुकोबांच्या अभंगांची मदत झाली होती. पंडिता रमाबाईंचे चरित्रही मॅकनिकल यांनी लिहिले. ते 1926 साली प्रसिद्ध झाले.

भाषा तीच, पण तिचा उपयोग किती वेगळा झाला! एकाने ती मुख्यतः बोलण्यासाठी शिकली, दुसऱ्याने ऐकण्यासाठी. ऐकणाऱ्याला शेजाऱ्याच्या घरातली प्रार्थना ऐकू आली आणि ती दूरच्या आपल्या लोकांना सांगावीशी वाटली. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात शिकवले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. मॅकनिकल आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, पण या शिकवणीच्या वाटेवरची काही पावले ते आधीच चालून गेले होते.

कॅथलिकांमध्येही असे उदाहरण आहेच. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, तिथल्याच लोकांत राहिले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली राशोल येथे छापले गेले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना त्यांनी येशूची कथा पुराणाच्याच चालीवर सांगितली.

आता आपल्याकडे वळू. मोशीजवळ पुणे-नाशिक महामार्ग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जातो. याच नदीच्या काठावर एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी आहे. आपल्यातले कित्येक जण रोज कंपनीच्या बसने हा पूल ओलांडतात. पालखीच्या दिवसांत रस्ता बंद असतो एवढीच आपल्याला वारीची माहिती. स्कॉटलंडच्या माणसाने ज्या अभंगांसाठी वर्षे घालवली, ते आपल्या मातृभाषेत, आपल्या उंबऱ्याशी आहेत. मग शेजारी राहूनही परके कोण राहिले?

5. आपल्या बाकावर कोण बसतो?

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात दोन वर्षांसाठी एक स्कॉटिश तंत्रज्ञ आला. रविवारी तो मिस्साला आला. काय होईल? दारात त्याचे हसून स्वागत होईल, पुढच्या बाकावर जागा मिळेल, मिस्सानंतर मुले त्याच्याशी इंग्रजीत बोलतील, नाताळच्या कार्यक्रमात त्याला पाहुणा म्हणून बोलावले जाईल. हे चांगलेच आहे.

आता समजा, त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा झारखंडचा एक आदिवासी कॅथलिक तरुण आला. रात्रपाळी करून, अंगावर कारखान्याचाच शर्ट घालून तो थेट मिस्साला आला आणि शेवटच्या खांबापाशी उभा राहिला. त्याला मराठी येत नाही, इंग्रजीही फारसे येत नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारून तो निघून जातो. महिना होतो, दोन महिने होतात. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच विचारतात. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’, असे तुमच्या सभेत होते का? दोघेही परकेच. मग एकाला पाहुणा आणि दुसऱ्याला बाहेरचा असे आपण का म्हणतो? कातडीचा रंग, हातातले पैसे आणि इंग्रजी भाषा यांवरून आपण परक्यांचीही वर्गवारी करतो. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू चालत आला तेव्हा त्याच्याजवळ ओळखीची कोणतीच खूण नव्हती, हे आपण विसरतो.

आणखी एक गोष्ट. परक्याला नुसते देऊन भागत नाही, त्याच्याकडून घ्यावेही लागते. त्या झारखंडच्या मुलाला त्याच्या भाषेतले एखादे भक्तिगीत येत असेल. ते आपण कधी ऐकले का? ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण मित्र मानलेले नसते.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न (लघु ख्रिस्ती समूहात घ्यावेत)

1. आपले कुटुंब या शहरात पहिल्यांदा आले तेव्हा मदतीला कोण धावले? आपण कोणाच्या मदतीला गेलो?
2. मिस्सानंतर आपण रोजच्याच घोळक्यात उभे राहतो का? गेल्या महिन्यात कोणत्या नवीन माणसाशी बोललो?
3. शेजारच्या हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध कुटुंबाच्या श्रद्धेविषयी आपल्याला काय माहीत आहे? ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकले आहे का?
4. घरात वडील मराठी बोलतात आणि मुले इंग्रजीत उत्तर देतात, असे होते का? आपल्याच घरात कोणी परके होत आहे का?

या आठवड्याचा संकल्प

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या एका माणसाचे नाव आणि गाव विचारू. त्याच्या भाषेत ‘नमस्कार’ कसा म्हणतात ते शिकू. उच्चार चुकला तर त्याला हसू देऊ. जमल्यास त्याला घरी एक वेळ जेवायला बोलावू. भाकर मोडल्याशिवाय ओळख पटत नाही.

प्रार्थना

हे परमपित्या, तुझ्या पुत्राला जन्माच्या रात्री उतारशाळेत जागा मिळाली नाही आणि बालपणी मिसर देशात परका म्हणून राहावे लागले. आमच्या धर्मग्रामात येणाऱ्या प्रत्येक परक्यात त्याला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. संत अंद्रियाप्रमाणे हात धरून माणसांना तुझ्याकडे आणण्याची बुद्धी दे. घरापासून दूर राबणाऱ्या सर्वांचे आणि त्यांची वाट पाहणाऱ्या त्यांच्या माणसांचे रक्षण कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे ही प्रार्थना आम्ही करतो. आमेन.