मोटारीतील मंद्र ध्वनिक्षेपकांची जोडणी

काशी क्षेत्री अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित असलेला राजा घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांस तेथील दगडी पायऱ्या आठवत असतील. पर्वणीच्या दिवशी एकाच जिन्याने थोडीच माणसे उतरू शकतात. तसाच दुसरा जिना शेजारी असेल, तर तितक्याच वेळात दुप्पट माणसे उतरतात. उलट, तेच दोन जिने एकापुढे एक आले, तर प्रत्येकास दोन्ही चढावे लागतात व श्रम दुप्पट होतात. तारेतून जाणाऱ्या विद्युत् प्रवाहाची गोष्ट काहीशी अशीच आहे. मोटारीत ध्वनिक्षेपक जोडताना हा भेद ध्यानी न घेतल्यास महागडा विवर्धक जळतो. तारेच्या निवडीत हयगय झाल्यास आगीचेही भय असते.

संरोध म्हणजे काय?

अतिशय खालच्या पट्टीचे, म्हणजे सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी उत्पन्न करणाऱ्या मोठ्या ध्वनिक्षेपकास सबवूफर म्हणतात; आपण त्यास मंद्र ध्वनिक्षेपक म्हणू. त्याच्या तारेचे वेटोळे प्रवाहास जो अडथळा करते, त्यास संरोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात व ध्वनिक्षेपकाच्या पाठीवर छापलेला असतो. मापकाने पाहिल्यास ४ ओहमचा ध्वनिक्षेपक साडेतीन ओहमच्या आसपास दाखवितो. यात दोष नाही, कारण मापक केवळ तारेचा रोध मोजतो.

४ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक एकसरीत, म्हणजे एकापुढे एक जोडले असता संरोधांची बेरीज होऊन ८ ओहम होतात. तेच अनेकसरीत, म्हणजे शेजारी शेजारी जोडले असता २ ओहम होतात. विवर्धकाचा दाब २० व्होल्ट धरल्यास ८ ओहमवर अडीच अँपिअर प्रवाह वाहून ५० वॅट शक्ती मिळते. ४ ओहमवर ५ अँपिअर व १०० वॅट. २ ओहमवर १० अँपिअर व २०० वॅट. शक्ती वाढली म्हणून हर्ष मानण्यापूर्वी, इतका प्रवाह पुरविण्यास विवर्धक समर्थ आहे काय, हे पाहिले पाहिजे.

सेतु-जोडणीतील धोका

चारमार्गी विवर्धकात पहिले दोन मार्ग पुढील लहान ध्वनिक्षेपकांस देऊन उरलेले दोन एकत्र करतात व त्यांवर मंद्र ध्वनिक्षेपक चालवितात. हीच सेतु-जोडणी होय. हीत दोन्ही मार्ग एकाच ध्वनिक्षेपकास दोन टोकांकडून, एकमेकांच्या उलट दिशेने ढकलतात. त्यामुळे प्रत्येक मार्गास संरोध निम्माच भासतो : ४ ओहमचा ध्वनिक्षेपक त्यास २ ओहमसारखा वाटतो. आता ४ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक अनेकसरीत सेतूवर जोडले, तर प्रत्येक मार्गावर अवघा १ ओहम येतो. पुष्कळ विवर्धकांना सेतु-जोडणीत किमान ४ ओहम लागतात. अशा यंत्रास ही जोडणी घातक ठरते.

मग करावे काय? एक तर दोन्ही ध्वनिक्षेपक एकसरीत जोडावेत. आवाज थोडा कमी होईल, पण यंत्र सुरक्षित राहील. किंवा प्रत्येकास स्वतंत्र मार्ग द्यावा. नवे घ्यावयाचे असल्यास ८ ओहमचे दोन घेऊन अनेकसरीत जोडावेत, म्हणजे नेमके ४ ओहम मिळतील. मात्र सेतु-जोडणीतील कोणतेही टोक मोटारीच्या सांगाड्यास लागू देऊ नये.

धन व ऋण टोके

दोघांपैकी एकाची टोके उलट जोडली गेली, तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, व हवेतील त्यांच्या लहरी परस्परांस मारतात. यंत्र चालू असूनही मंद्र ध्वनी लोपल्यासारखा वाटतो. संशय आल्यास ध्वनिक्षेपक विवर्धकापासून सोडवून दीड व्होल्टचा कोरडा घट क्षणभर लावून पाहावा : घटाचे धन टोक ध्वनिक्षेपकाच्या धन टोकास लागले असता पडदा बाहेर सरकला पाहिजे.

तार व फ्यूज

समजा, विवर्धक एकंदर ४०० वॅट देतो व त्याची कार्यक्षमता शेकडा ८० आहे. तो बॅटरीतून ५०० वॅट घेईल. साडेबारा व्होल्टला हा प्रवाह ४० अँपिअर होतो. १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ५ मीटर लांबीत या प्रवाहाला सुमारे ०.२ व्होल्ट दाब गमावते, तो सोसण्याजोगा आहे. बारीक तार मात्र तापते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून अर्ध्या मीटरच्या आत बसवावा. तो विवर्धकासाठी नसून मुख्यतः तारेसाठी असतो : तार कोठे घासून सांगाड्यास टेकली, तर फ्यूजपूर्वीचा भाग असंरक्षितच राहतो. म्हणून हा भाग जितका आखूड, तितके बरे. फ्यूजचा आकडा तारेला सोसेल त्याहून अधिक नसावा. वारंवार जळतो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्यास घरी पाठविण्यासारखे होय.

सारांश, काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, कागदावर आकृती काढावी, प्रत्येक मार्गावरचा संरोध मांडावा व विवर्धकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तो चुकविल्यास होणारे नुकसान मात्र एका क्षणाचे असते.