सीमाप्रश्नाच्या अभ्यासाला पैसा कुठून?

प्रश्न : महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीत राहून मराठी-कन्नड संघर्ष आणि सलोखा यांवर संशोधन करणाऱ्याला अर्थसाहाय्य मिळते का?

उत्तर : मिळते. मुख्य दाता म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली, दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. मात्र प्रकल्पाचा निधी मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच येतो. त्यामुळे बेळगावचे राणी चन्नम्मा किंवा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, नाहीतर तिथले संलग्न महाविद्यालय पाठीशी असावे लागते. एकट्या अभ्यासकाची खरी अडचण हीच, आणि ती अन्यायाची आहे. कारण गावोगावची माणसे ओळखणारा बहुधा तोच असतो. पीएच.डी. करणाऱ्यांना ‘नेट’ या पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची वाट आहे.

परदेशी निधीवर परकीय योगदान नियमनाचा २०१० चा कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला असा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. पुण्यामुंबईच्या संस्थेकडून वाटा मिळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

प्रस्तावात केवळ सीमावादावरचा महाजन आयोग आणि महाराष्ट्राचा २००४ चा सर्वोच्च न्यायालयातील दावा उगाळू नये. १९८१ च्या निपाणीतील तंबाखू आंदोलनात दराच्या प्रश्नापुढे भाषेचा वाद कितपत मागे पडला, हा शांतता-अभ्यासाचा अस्सल विषय आहे. अंदाजपत्रकात मुलाखतींचे शब्दांकन आणि कन्नड-मराठी दुभाष्याचे मानधन आवर्जून धरावे.