पुडीतलं मीठ

साताऱ्याहून लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचं ब्लडप्रेशर तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वर सरकू लागलं. गोळी तीच, वेळ तीच, चालणं तर उलट वाढलेलं. तरी यंत्रावरचा वरचा आकडा दीडशेच्या खाली येईना. लोणचं-पापड त्यांनी निघण्याआधीच सोडले होते. गोळीचा डोस वाढवण्यापूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, रात्री जेवता काय? बाईंनी सांगितलं, भात. लेक-जावई दमून घरी येतात, कपाटातला एक खोका उघडतात, लोण्यावर तांदूळ परततात, पाणी आणि मसाल्याची पुडी घालून झाकण ठेवतात, की वीस-पंचवीस मिनिटांत जेवण तयार. भात तो भात, त्यात वावगं काय, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. डॉक्टरांनी खोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मागवले.

पुढचा तास हिशेबात गेला. खोके निरनिराळ्या कंपन्यांचे असले तरी एका वाढणीत ६०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम हा आकडा बहुतेकांवर होता. खोका साधारण २०० ग्रॅमचा, आणि त्यात अडीच ते तीन वाढण्या, असं वर बारीक अक्षरात छापलेलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. अमेरिकी लेबलांवरची टक्केवारी २३०० मिलिग्रॅम धरून काढलेली असते. म्हणजे खोक्यावरची टक्केवारी त्या मानाने जरा उदारच.

सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत. पण बाईंच्या ताटात एक वाढणी कधीच नसायची. मुख्य जेवण भातच असल्यावर माणूस अर्धा खोका सहज संपवतो. तेवढ्यानेच अडीच ग्रॅम मीठ पोटात जातं. सकाळचा ब्रेड, दुपारचं डब्यातलं सूप आणि वरचं चीज अजून मोजायचंच आहे. आपल्याकडे ‘दोन घास जास्त गेले’ म्हणतात, ते दोन घास लेबल लिहिणाऱ्याच्या हिशेबात नसतात.

एवढं मीठ भातात येतं कुठून? नुसत्या शिजवलेल्या पांढऱ्या भातात सोडियम जवळजवळ नसतंच. उत्तर या खाद्यप्रकाराच्या जन्मातच आहे. १९४६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत लोईस डीडोमेनिको ही नवविवाहिता आणि तिचा नवरा पैलाद्झो कॅप्टनियन या आर्मेनियन बाईंच्या घरात भाड्याने राहत होते. आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या कॅप्टनियनबाईंनी लोईसला शेवया घातलेला, कोंबडीच्या सुपात शिजवलेला पिलाफ शिकवला. डीडोमेनिको कुटुंबाचा पास्त्याचा कारखाना होता. १९५८ मध्ये लोईसच्या दिराने, विन्सने, तांदूळ आणि शेवयांत कोरड्या सुपाची पूड मिसळली आणि ‘राइस-अ-रोनी’ बाजारात आलं. ताज्या सुपाची जागा पुडीने घेतली. पुडी टिकायला हवी, स्वस्त हवी आणि चव मात्र तासन्‌तास उकळलेल्या सुपाची हवी. हे काम मिठाइतकं स्वस्तात दुसरं कुणी करत नाही. आज हा सगळा प्रकार बनवणाऱ्या कंपन्या कितीतरी आहेत, पण रचना बहुतेक तीच: तांदूळ निरुपद्रवी, खरी गोम पुडीत.

मग तो भात खारट का लागत नाही? लोणच्याची फोड जिभेला लागताच माणूस सावध होतो. इथे पिष्ट, थोडी साखर, लोणी आणि माल्टोडेक्स्ट्रिन मिठाची धार बोथट करतात. बाईंनी आधी दोष अजिनोमोटोला दिला, बहुतेक जण देतात. पण अजिनोमोटो म्हणजेच मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये (एमएसजी) सोडियम वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास असतं, साध्या मिठात ३९ टक्के. खोक्यातल्या सोडियमचा मोठा वाटा साध्या मिठाचाच असतो. ‘एमएसजी नाही’ असं ठळक छापलेला खोका बघून निर्धास्त झालेली मंडळी म्हणून फसतात.

लेबलवर आणखी एक गंमत असते. काही खोक्यांवर दोन रकाने असतात: एक कोरड्या मिश्रणाचा, दुसरा शिजवून तयार झालेल्या भाताचा. पहिल्या रकान्यात स्निग्धांश जेमतेम एखादा ग्रॅम दिसतो. कृतीत मात्र दोन मोठे चमचे लोणी किंवा मार्गारिन घालायला सांगितलेलं असतं. दोन मोठे चमचे लोणी म्हणजे सुमारे २०० कॅलरी आणि २३ ग्रॅम स्निग्धांश. अडीच वाढण्यांत विभागले तरी दर वाढणीला नऊ ग्रॅम होतात. लोणी खोक्यात नसतं, हे खरंच. पण लोणी न घालता तो भात कोण करतं?

एका वाढणीत प्रथिनं चार-पाच ग्रॅम, तंतू एक-दोन ग्रॅम. एवढ्यावर रात्रीचं जेवण उरकायचं. मूगडाळीच्या खिचडीला आजारपणाचं जेवण म्हणून हिणवतात, पण कच्च्या मूगडाळीत १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रथिनं असतात. या एका बाबतीत आजीचा कुकर खोक्याच्या कितीतरी पुढे आहे.

बाईंच्या घरी खोके अजून येतात. ते पूर्ण बंद करा, असं त्या कुणाला सांगत नाहीत. दमून आलेल्या माणसाला उपदेश पचत नाही, हे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाईंना ठाऊक आहे. त्या पुडी अर्धीच घालतात आणि मीठ वेगळं घालत नाहीत. सोडियम पुडीत असल्यामुळे पुडी निम्मी केली की तेही निम्म्याच्या आसपास येतं. चव भरून काढायला लसूण, जिरं, मिरी, वरून लिंबू. फ्रीझरमधले मटार-गाजर मूठ-दोन मुठी घातले की तेवढाच भात जास्त ताटांना पुरतो. लोणी एक चमचा. सोबत वरण किंवा उसळ.

खरेदी करताना ‘कमी केलेलं सोडियम’ आणि ‘कमी सोडियम’ यांतला फरक त्या हटकून समजावतात. अमेरिकेच्या नियमांनुसार पहिल्याचा अर्थ मूळ मालापेक्षा किमान २५ टक्के कमी, एवढाच. ९०० चे ६७५ झाले तरी खोक्यावर ते मिरवता येतं. ‘कमी सोडियम’ म्हणवून घ्यायला मात्र एका वाढणीत १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी लागतं. काही मिश्रणांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. बाईंची गोळी त्यातलीच निघाली, म्हणून तो खोका परत कपाटात गेला.

शाकाहारी घरांसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकी खोक्यांवर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. नावात फक्त लसूण, मशरूम किंवा चीज असलं, तरी काही मिश्रणांत कोंबडीची चरबी किंवा सुपाची पूड असते. त्यासाठी घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. शेवयांमुळे गहूही असतो, म्हणजे ग्लुटेन टाळणाऱ्यांनी ‘तांदूळच तर आहे’ म्हणून गाफील राहू नये.

भारतात मिळणाऱ्या मसालेभात-पुलावाच्या पाकिटांनाही हाच हिशेब लागतो, फक्त मांडणी वेगळी. इथे आकडे बहुधा १०० ग्रॅमला दिलेले असतात. शिवाय एका वाढणीत दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो, तेही द्यावं लागतं; त्यासाठी २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आधार ठरलेले आहेत. पाकीट ७० ग्रॅमचं असेल तर १०० ग्रॅमच्या आकड्याला ०.७ ने गुणायचं. मात्र तो आकडा कोरड्या मिश्रणाचा आहे की शिजलेल्या भाताचा, हे आधी पाहायचं, कारण पाणी पिऊन तांदळाचं वजन दुपटी-तिपटीने वाढतं आणि गणित तिथेच चुकतं.