दवाखान्यातील लिनक्स आणि मुद्रणाची रांग

डॉक्टरांचे अक्षर हा समाजात विनोदाचा विषय असला, तरी औषधाच्या नावातील एक अक्षर चुकीचे वाचले गेल्यास त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य व शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा बदल भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत केला. छापील प्रिस्क्रिप्शन हा त्यावरील सोपा उपाय होय. लिनक्स ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली परवाना-शुल्काविना मिळत असल्याने लहान दवाखान्यासही हा मार्ग परवडतो.

लिनक्सवर मुद्रणाचे काम 'कप्स' ही प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिची उभारणी सुरू केली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पूर्वी प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागे. आता 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' मानणारे प्रिंटर सहसा त्याविना चालतात. खरेदीपूर्वी एवढी खात्री करून घ्यावी.

प्रिंटर जोडून सुरू केल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत 'लोकलहोस्ट' हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम व ६३१ हा आकडा इंग्रजीत टंकित करावा. बहुतेक संगणकांवर कप्सचे पान उघडते. तेथे 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'ॲड प्रिंटर' निवडून संगणकाचा पासवर्ड द्यावा व यादीतील आपला प्रिंटर घ्यावा. कागदाचा आकार 'लेटर' असल्यास तो बदलून ए-४ वा ए-५ करावा. चाचणीचे पान छापल्यावर मराठी सूचनांचेही एक पान छापून जोडाक्षरे तपासावीत. बेळगावसारख्या ठिकाणी कन्नड मजकुराचीही अशीच परीक्षा घ्यावी.

येथवरचे काम अर्ध्या तासाचे. खरी दक्षता पुढेच हवी. प्रत्येक छपाई-आज्ञा कप्सच्या रांगेत उभी राहते, जसे आपले रुग्ण प्रतीक्षाकक्षात बसतात. कागद अडकला वा वीज गेली, तर रांग थांबते, परंतु कामे पुसली जात नाहीत. अशा वेळी मदतनीस पुन्हा पुन्हा आज्ञा देतो. प्रिंटर सुरू होताच जुनी पाने बाहेर येतात आणि मधुमेहाच्या रुग्णाची चिठ्ठी तापाच्या रुग्णाच्या हाती पडू शकते. म्हणून प्रिंटर थांबल्यास आधी 'जॉब्स' पानावरील शिल्लक कामे रद्द करावीत, मगच 'रिझ्यूम प्रिंटर' निवडावे. कागद हाती देताना रुग्णाचे नाव मोठ्याने वाचावे.

दुसरी बाब गोपनीयतेची. मूळ मांडणीत छापलेल्या मजकुराची प्रत कप्स सुमारे एक दिवस जपून ठेवते. 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' ही सोय जाणकाराकडून बंद करून घ्यावी. कप्सशी निगडित घटकांत २०२४ मध्ये सुरक्षेचे गंभीर दोष आढळले होते. तेव्हा प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि प्रिंटर इंटरनेटला खुला ठेवू नये.

यंत्र अक्षर सुवाच्य करते. ते योग्य रुग्णाच्या हाती पोचवण्याचे दायित्व मात्र आपलेच राहते.